किल्ली

कुरियरवाल्यानं फाट्यावरूनच फोन केला,
"गावात नाही येत, येऊन घेऊन जा."
खोक्यात वेटोळं घालून बसलेला काळा पट्टा,
सहा धारांचा, नव्या रबराच्या वासाचा.
उलगडला तर खाटेहून लांब.
शेजारची पोरं मागं सरली,
"धामन हाय काय गा?"

गाडी संत्र्याच्या शेडमध्ये, रिकाम्या क्रेटांच्या मधोमध.
दोन माणसांची, लाल,
नागपूरच्या एका दातांच्या डॉक्टरनं
नाद सुटल्यावर विकलेली.
इतकी बुटकी, की ग्रामपंचायतीपुढचा गतिरोधक
तिरपी होऊन, पोट सांभाळत ओलांडते
गाभण म्हशीसारखी.
सकाळी चालू केली की किंचाळायची.
वायंगुळे गुरुजी त्या आवाजावर गोळी घ्यायचे
रक्तदाबाची.

बॉनेटखाली पट्ट्याच्या वाटेचा नकाशा चिकटवलेला होता,
तो सात वैशाखांनी पुसला.
जुना काढण्याआधी चित्र काढून ठेवावं
एवढी अक्कल मला होती,
पण ताणणीला हात लावला आणि
जुना आपसूकच गळून पडला,
सोबत त्याची वाट घेऊन.

उरल्या सात पुल्या.
कोणी कोणाकडे पाहत नव्हतं.
दुपारभर मी घालत राहिलो,
कधी पट्टा हातभर उरे,
कधी वीतभर कमी पडे.

मग बाबा आले. कवडूजी, जिनातले.
एकतीस वर्षं छताखालच्या लांब दांड्यावर
चामड्याचे पट्टे चढवले, उतरवले,
राळ लावली, टाके घातले.
आल्या आल्या काही बोलले नाहीत.
बॅटरीची तार सोडली.
किल्ली काढून बंडीच्या आतल्या खिशात टाकली,
वरून चाचपून पाहिली,
दोनदा.

(डाव्या हाताची दोन बोटं कुठं गेली
हे आमच्या घरात कोणी काढत नाही.
त्या हातांवर मी आकडे शिकलो,
आठापर्यंत.)

"सुतळी आन."
सुतळीचं टोक खालच्या मोठ्या पुलीला.
"हे पाह्य. ज्याच्या आंगावर धारा हायेत
त्याले धारा दे.
जो गुळगुळीत हाय त्याले पाठ.
पट्टा सगळ्यायले एकच तोंड नाई दाखवत, बावा.
आन् हा पान्याचा पंप, थो उलटा फिरते,
त्याच्यावरून पाठीनं जाय."
सुतळी वर चढली, आत वळली, खाली आली,
पुन्हा वर,
आणि मला दिसलं, दुपारभर मी पंपाला
सरळ माणूस समजत होतो.

ताणणी ढकलायला लांब पाना नव्हता.
बोअरच्या पाइपाचा तुकडा पान्याला जोडून
मी अंगाचा भार दिला.
स्प्रिंग कुरकुरत मागं सरली.
शेवटची पुली त्यांनी धरली,
आठ बोटांनी पट्टा कडेवरून सरकवू लागले.
घाम माझ्या डोळ्यात गेला.
पुसायला हात नव्हता.
"धरून ठेवजो," म्हणाले.
थोड्या वेळानं पुन्हा, हळू,
"सोडजो नोको."
मी इतकं घट्ट आजवर काहीच धरलेलं नाही.

"सोड आता. दमानं."

मग एकेका पुलीवरून अंगठा फिरवत गेले.
पाचवीवर थांबले.
एक धार खाचेबाहेर होती.
पुन्हा पाइप, पुन्हा भार, पुन्हा घाम.

"किल्ली द्या."
"पयले हात दाखव."
दोन्ही हात वर करून मी उभा,
बेचाळीस वर्षांचा माणूस, काळ्या ग्रीसनं माखलेला,
आणि ते मोजत होते,
ओठ हलवत,
दहापर्यंत.

गाडी सुरू झाली. काहीच ओरडलं नाही.
बाबा वाकून आत पाहत राहिले
त्या धावत्या काळ्या रेषेकडे,
हात पाठीमागं बांधून.

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमारास गुरुजी आले,
"विकली का रे?
माझी गोळी राहिली आज."